शेतावरील गाडीस हवा भरण्याचें साधन : निवड कशी करावी

कुडाळ तालुक्याची जमीन एका जातीची नाहीं. नदीकांठच्या मळ्यांत पावसाळ्यांत गुडघाभर चिखल होतो, भरडावर लाल माती व खडी असते, सड्यावर जांभ्याचा धारदार कातळ उघडा पडलेला असतो, आणि मालवण-वेंगुर्ल्याच्या बाजूस खालीं उतरलें कीं मऊ पुळण लागते. एकच जीप सकाळीं काजूच्या बागेंत चढते, दुपारीं आंब्याच्या पेट्या घेऊन महामार्गावर येते आणि रात्रीं घाट चढून कोल्हापुरास जाते. ह्या सर्व वाटांस टायरमधील एकच हवा मानवत नाहीं, हें अनुभवी गाडीवानांस ठाऊक आहे. तथापि वाटेंत हवा कमी केली तर ती पुन्हां भरावयाची कशी, ह्याची सोय नसल्यामुळें बहुतेक लोक भरल्या हवेनेंच चिखलांत शिरतात व रुततात. किंवा त्याहून वाईट म्हणजे कमी हवेनेंच भरधांव रस्त्यानें जातात. पहिल्यांत वेळ जातो, दुसऱ्यांत जीव जाऊं शकतो. सबब, बरोबर नेतां येईल असें हवा भरण्याचें साधन कसें निवडावें, ह्याचा विचार आम्ही येथें करीत आहों.

बैलगाडीच्या लोखंडी धांवेस हा प्रश्नच नव्हता. ती वाट कशीहि असो, होती तशीच चाले. डनलॉप ह्यांनीं १८८८ सालीं हवेच्या रबरी टायरचें पेटंट घेतलें, आणि १९३२ सालीं अमेरिकेंतील अ‍ॅलिस-चाल्मर्स कंपनीनें आपल्या ट्रॅक्टरास असे टायर बसविले. तेव्हांपासून चाकाची कठिणता कमीअधिक करणें शेतकऱ्याच्या हातीं आलें. दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकेनें बनविलेल्या ‘डक’ नांवाच्या जमिनीवर व पाण्यांत चालणाऱ्या गाडींत तर चालकास बसल्या जागेवरून टायरमधील हवा कमीजास्त करतां येई. समुद्रांतून पुळणीवर व पुळणीवरून रस्त्यावर जाणाऱ्या गाडीस त्याची गरजच होती.

ह्याचें कारण सोपें आहे. समजा, जीपच्या एका चाकावर ४०० किलो भार आहे. टायरमध्यें दर चौरस इंचास ३० पौंड, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरास सुमारें २.१ किलो दाब असेल, तर चाक जमिनीस सुमारें १९० चौरस सेंटिमीटर इतकें टेकतें. दाब १५ पौंड केला कीं टेकण्याची जागा जवळजवळ दुप्पट होते. जमिनीवरचा भार त्यामुळें पसरतो, व चाक रुतण्याऐवजीं वर राहून पुढें जातें. पुळणीवर १५ ते १८ पौंड, खडीच्या पाणंदीवर २० ते २४ पौंड हें प्रमाण जीपेस साधारणपणें चालतें. डांबरी रस्त्यावर मात्र गाडी बनविणाराच्या पुस्तकांतील आंकडाच प्रमाण मानावा. कमी हवेच्या टायरची बाजू सारखी दुमडत राहते, आंतून तापते व शेवटीं फाटते. म्हणून पुन्हां हवा भरेपर्यंत गाडी अगदीं सावकाश चालवावी.

आतां साधनाकडे वळूं. दुकानांत पंपाच्या डबीवर ‘१५० पौंड’ असा मोठा आंकडा असतो, आणि गिऱ्हाईक त्यावरच भुलतो. परंतु आपणांस ३०-३५ पौंडांहून अधिक दाब क्वचितच लागतो. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकास तर शेतांत १२ ते १५ पौंडांच्या आसपासच दाब ठेवतात. आपणांस हवा आहे तो दाब नव्हे, तर हवेचा पुरवठा. जीपच्या एका टायरच्या पोकळींत सुमारें ५० लिटर हवा मावते. १५ पौंडांवरून ३० पौंडांवर जाण्यास बाहेरची आणखी तितकीच, म्हणजे चार चाकांस मिळून २०० लिटर हवा आंत ढकलावी लागते. ट्रॅक्टरचें मागचें चाक दिसण्यांत एकच असलें तरी त्याच्या पोकळींत दोनशे लिटरांहून अधिक हवा मावते. तें रिकामें झालें असल्यास तें एकटेंच जीपच्या चारी चाकांइतकें काम मागतें. म्हणून डबीवर ‘मिनिटास किती लिटर’ हा आंकडा आधीं पाहावा. हा आंकडा बहुधा उलट दाब नसतांना मोजलेला असतो. तेव्हां हिशेब करतांना वेळ दुप्पट धरावा.

पायपंपास वीज लागत नाहीं, तो बिघडत नाहीं व स्वस्त असतो. परंतु दर दाबास अर्धा लिटर हवा जाते असें धरलें तरी जीपच्या चार चाकांस चारशेंहून अधिक वेळां पाय मारावा लागेल. अडीअडचणीस तो गाडींत असावाच. नित्याच्या कामास तो पुरा पडणार नाहीं.

सिगारेट पेटविण्याच्या खोबणींत लावण्याचा लहान विजेचा पंप सर्वत्र मिळतो. त्या खोबणीचा फ्यूज बहुधा १० ते १५ अँपियरचा असतो; म्हणजे १२ व्होल्टांवर फार तर १८० वॅट शक्ति मिळते. एका चाकांत थोडी हवा वाढविण्यास तो ठीक. चार चाकें ओळीनें भरूं लागल्यास तो तापून बंद पडतो. आंतच बॅटरी असलेल्या हातांतील पंपाचीहि गोष्ट तशीच. त्याची शक्ति थोडी असते, आणि गाडींत उन्हांत पडून राहिल्यास बॅटरी लवकर म्हातारी होते.

ज्यांस वारंवार बागेंत व चिखलांत गाडी न्यावी लागते, त्यांनीं थेट गाडीच्या बॅटरीस चिमट्यांनीं जोडण्याचा काँप्रेसर घ्यावा असें आमचें मत आहे. मिनिटास ६०-७० लिटर देणारा असला म्हणजे जीपेचें काम आठ-दहा मिनिटांत होतें. त्याची तार जाड असावी, तारेंत फ्यूज असावा, आणि यंत्र तापल्यास आपोआप बंद पडण्याची सोय असावी. न थांबतां किती मिनिटें चालवावा व मग किती विश्रांति द्यावी, हें पुस्तकांत स्पष्ट लिहिलेलें नसेल तर तो पंप घेऊं नये. नळी मागच्या चाकापर्यंत पोंचते कीं नाहीं तेंहि पाहावें. ट्रॅक्टरच्या मोठ्या चाकांसाठीं मात्र घरीं टांकीसह विजेचा काँप्रेसर असणें हेंच श्रेयस्कर. वाडींतील चार-पांच खातेदारांनीं मिळून असा एक घेतल्यास खर्च हलका पडतो.

घेण्यापूर्वी परीक्षा करावी. आपली गाडी दुकानापाशीं न्यावी, एका चाकाची हवा १५ पौंडांवर आणावी, आणि ती ३० पौंड होईपर्यंत घड्याळ लावावें. लागलीच दुसरें चाकहि तसेंच भरावें. दुसऱ्या वेळेस बराच अधिक वेळ लागला, चिमटे किंवा तार हातास चटका देऊं लागली, तर तो पंप आपल्या कामाचा नव्हे. पंपावरील कांट्यावर विसंबून न राहतां दाब मोजण्याचा वेगळा कांटा घ्यावा. कोणी ‘बार’ मध्यें बोलेल. एक बार म्हणजे १४.५ पौंड हें ध्यानांत ठेवावें. टायर थंड असतांनाच दाब मोजावा. चाकांत पाणी भरलेलें असेल तर व्हॉल्व्ह वरच्या अंगास आणून हवा भरावी व मोजावी. नाहींतर कांट्यांत पाणी शिरतें आणि पाण्याच्या उंचीमुळें आंकडाहि वाढीव दिसतो.

आमच्या खाऱ्या वाऱ्याचा व चार महिन्यांच्या दमटपणाचा विचार निराळा करावा लागतो. जोड पितळेचे असावेत, पंप कोरड्या पिशवींत ठेवावा, आणि महिन्यांतून एकदां दोन मिनिटें चालवून पाहावा. तेलाशिवाय चालणाऱ्या पंपांत आपण होऊन तेल घालूं नये. धूळ बसून तो लवकर झिजतो. पंप चालवितांना इंजिन सुरू ठेवावें, म्हणजे बॅटरी उतरत नाहीं; परंतु बंद मांगरांत तसें करूं नये, कारण इंजिनाच्या धुरांतील विषारी वायु कळत नकळत प्राण घेतो.

शेवटीं एक गोष्ट सर्वांत महत्त्वाची. हवा गेलेल्या स्थितींत जो टायर कांहीं अंतर चालला आहे, त्याच्या बाजूंतील दोरे आंतून तुटलेले असूं शकतात. वरून तो धड दिसतो, आणि हवा भरतां भरतां बंदुकीसारखा फुटतो. असा टायर वाटेंत भरूं नये. दुसरें चाक चढवावें व तो जाणत्याकडून उतरवून तपासावा. कोणतेंहि चाक भरतांना त्याच्या बाजूसमोर बसूं नये. व्हॉल्व्हवर आपोआप पकडून राहणारें तोंड व लांब नळी वापरून टायरच्या रोखांत, म्हणजे गाडीच्या पुढें किंवा मागें, उभें राहावें. टायरची कड रिंगेवर बसत नाहीं म्हणून हवेचा जोर वाढवीत जाणें हें तर जिवाशीं खेळणें होय.

बी-बियाणें, खतें व औजारें ह्यांची निवड आपण जितक्या चोखंदळपणें करतों, तितक्याच चोखंदळपणें हें लहानसें साधन निवडावें. मृग लागण्यापूर्वीं ही तजवीज झालेली असावी, एवढीच शेतकरी बंधूंस आमची सूचना आहे. कारण तरवा उपटून तयार असतां गाडी चिखलांत उभी राहिली, तर तो दिवस पुन्हां मिळत नाहीं.