कॅन्सरग्रस्तांचा हा विटाळ कशासाठी?

चोपडा तालुक्यातील वस्त्यांमध्ये कॅन्सरचे नाव अजूनही कुणी घेत नाही. 'मोठा आजार' म्हणतात आणि आवाज खाली आणतात. मग रुग्णाचे ताट-पेला वेगळा होतो, अंथरूण ओसरीवर जाते, शेजाऱ्यांचे येणे-जाणे थांबते. वेगळे ताट म्हणजे काय, हे ज्या समाजाने पिढ्यान् पिढ्या भोगले, त्याच समाजात हे घडावे, ही लाजिरवाणी गोष्ट आहे!

समाजबांधवांनो, कॅन्सर शिवल्याने होत नाही, एका ताटात जेवल्याने होत नाही. बाहेरून यंत्राने दिलेले रेडिएशन रुग्णाच्या अंगात साठून राहत नाही. केमोथेरपीने पांढऱ्या पेशी कमी होतात, म्हणून काही दिवस गर्दी टाळा, सर्दी-तापाच्या माणसाला दूर ठेवा, असे डॉक्टर सांगतात. ते रुग्णाला आपल्यापासून जपण्यासाठी! आपण उलटेच करतो. स्वतःला रुग्णापासून जपतो आणि काही दिवसांचे अंतर कायमचे करून टाकतो.

विनयपिटकात अतिसाराने घाणीत पडून राहिलेल्या भिक्खूची कथा आहे. तो आमच्या उपयोगाचा नाही, म्हणून आम्ही त्याची सेवा करत नाही, असे इतर भिक्खूंनी सांगितले. तथागतांनी आनंदाला सोबत घेऊन त्याला स्वतः आंघोळ घातली. कापूस वेचणारे, केळीच्या बागेत राबणारे हात थांबले की तो माणूस आपल्याही उपयोगाचा राहत नाही काय?

चोपड्याला रेल्वे नाही. एसटीने जळगाव गाठायचे, तेथून मुंबई. परळचे टाटा हॉस्पिटल १९४१ पासून गोरगरिबांचा आधार आहे. पण त्याच्या बाहेरच्या फुटपाथवर कितीतरी रुग्णांनी रात्री काढल्या आहेत. दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा अशा रुग्णांना आसरा देते. याच गाडगेबाबांनी पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा १९४९ साली बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली होती.

महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून ऑपरेशन, केमो, रेडिएशनचा खर्च भागतो. रेल्वेभाड्यात रुग्णासोबत सोबत्यालाही सवलत आहे. सवलत आहे, सोबती कुठे आहे? रोजंदारीवरचा भाऊ मुंबईला गेला, तर इकडे चूल कशी पेटणार?

स्तनाच्या ऑपरेशननंतर बाईला माहेरी धाडून देण्याचे प्रकारही होतात. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण कायदा, २००५ च्या कलम १७ ने तिला सासरच्या घरात राहण्याचा हक्क दिला आहे. स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा.

पण सोबत बसून जेवा, असा हुकूम कोणतेही कोर्ट देऊ शकत नाही. ते काम आपले आहे. प्रत्येक विहार समितीने आपल्या वस्तीतील रुग्णांची विचारपूस करावी. मुंबईला सोबत जाणाऱ्यांची पाळी लावावी, जाणाऱ्याची बुडालेली मजुरी वर्गणीतून द्यावी. आणि परतलेल्या रुग्णाच्या घरी जाऊन त्याच्याच घरच्या पेल्यातून चहा घ्यावा. जयभीम!