शिवसागरासाठी मुक्कामी बोट निवडताना

कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयात तापोळा आणि बामणोलीहून सुटणाऱ्या बोटी दिवसाच्या फेरीसाठी असतात. कुटुंबासह रात्री झोपता येईल अशी स्वतःची मोटारबोट घ्यायची, तर निकष बदलतात.

आधी बोटीचा तळ पाहा. पावसाळ्यात भरलेला जलाशय उन्हाळ्यात बराच खाली जातो. पाण्यात कमी बुडणारी बोट तेव्हाही काठाला नीट लागते. ‘चौघांची झोपायची सोय’ या शब्दांवर विसंबू नका. स्वतः आडवे होऊन पाय पसरतात का ते बघा. केबिनमध्ये हवा खेळती हवी. इंजिनाच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो झोपेतच जीव घेऊ शकतो, म्हणून रात्री इंजिन व जनरेटर बंदच ठेवावेत.

क्षमतेबाबत तडजोड नको. २०१९च्या महापुरात सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला माणसांनी खच्चून भरलेली बोट उलटली आणि अनेकांचे जीव गेले. लाइफ जॅकेट प्रत्येकाच्या मापाचे हवे, मुलांचे वेगळे.

अंतर्देशीय जलयान कायदा, २०२१ नुसार यांत्रिक बोटीच्या नोंदणीची चौकशी करा. काठाचा मोठा भाग कोयना अभयारण्यात येतो, त्यामुळे मुक्कामाच्या परवानगीचेही आधी विचारा आणि मगच बयाणा द्या.