न्हाणीघराची कुंडी

न्हाणीघराच्या मोरींतून पाणी दिसेनासें झालें कीं त्याची काळजी संपली, असें आपण सर्वच समजतों. बोटीवर राहणाऱ्या माणसास तसें समजून चालत नाहीं. बोटींतील न्हाणीघराची जमीन पुष्कळदां बाहेरच्या पाण्याच्या पातळीहून खालीं असते, त्यामुळें तेथील पाणी आपोआप बाहेर वाहूं शकत नाहीं. तें तळाशीं बसविलेल्या एका लहानशा पेटींत साठतें. पेटी भरत आली कीं आंतील तरंगता खटका वर उचलला जातो, विजेचा पंप सुरू होतो आणि पाणी बाहेर फेकलें जातें. या खटक्यास केसांचा गुंता अडकला तर पंप चालतच नाहीं, किंवा एकदां चालू झाल्यावर थांबत नाहीं व जळून जातो. म्हणून पंपाच्या आधीं जाळी बसवितात व ती वरचेवर उघडून धुतात.

आमचें तुळजापूर समुद्रापासून दूर, बालाघाटाच्या डोंगरावर वसलेलें आहे. तथापि ज्या घरापुढें गटार नाहीं त्याची अडचण बोटीसारखीच असते. पाण्यास बाहेर जावयास वाट नाहीं. अशा घरीं परसांत शोषखड्डा खणतात. तो काळ्या मातींतच संपतां कामा नये, कारण ती माती भिजली म्हणजे फुगते व पाणी धरून ठेवते. खालीं मुरूम लागेपर्यंत खणावें, तळाशीं मोठे व वर लहान दगड भरावे, आणि विहिरीपासून खड्डा निदान ५० फूट दूर असावा. घरच्या ५ माणसांच्या स्नानास एवढें पुरतें. पण हें यात्रेचें गांव! पुजाऱ्यांच्या घरीं यात्रेकरू उतरतात, आणि नवरात्रांत पांचांच्या न्हाणींत पन्नास माणसें स्नान करितात.

आमच्या घरचीच गोष्ट सांगावयास हरकत नाहीं. खड्डा खणून झाल्यावर आम्हीं वर्षभर तिकडे पाहिलें नाहीं. आश्विनांत, कोजागिरीसाठीं सोलापुराकडून लोक अनवाणी चालत येत असतां, आमच्या न्हाणीचें पाणी उलटून गल्लींत आलें. रात्रभर चालून ज्यांचे पाय फुटले होते अशीं माणसें आमच्या साबणाच्या घाणींतून जात होतीं, आणि शेजारच्या आजीबाई घरांतून राख आणून त्यावर टाकीत होत्या. त्या आम्हांस एक शब्दही बोलल्या नाहींत. बोलल्या असत्या तर बरें वाटलें असतें.

दुसऱ्या दिवशीं गवंड्यास बोलावून आम्ही मोठा खड्डा खणावयास सांगणार होतों. त्यानें वरचे चार दगड काढून दाखविले. त्यांमधील फटी राखट, लोण्यासारख्या मळीनें बुजल्या होत्या. हातभर खालचे दगड मात्र जसेच्या तसे स्वच्छ होते. खड्डा लहान नव्हता, त्याचें तोंड बंद झालें होतें.

ही मळी म्हणजे निव्वळ अंगाचा मळ नव्हे. दख्खनच्या काळ्या खडकांतील विहिरींचें पाणी बहुधा जड असतें, म्हणजे त्यांत कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे क्षार असतात. साबणाशीं त्यांचा संयोग होऊन न विरघळणारा चिकट साका तयार होतो, आणि डोक्याचें तेल व केस त्यांत मिसळले कीं तो दगडांवर लेपासारखा बसतो.

म्हणून मोरी व खड्डा यांच्यामध्यें हातभर लांबरुंद कुंडी बांधावी. तींत पाणी थबकतें, गाळ तळाशीं बसतो, मळी वर तरंगते व मधलें पाणी नळीनें खड्ड्याकडे जातें. या नळीचें आंतील तोंड खालीं वळवून पाण्यांत बुडालेलें ठेवावें, नाहींतर तरंगती मळीच आधीं पुढें जाते. कुंडी बांधणें ज्यांस झेपत नाहीं त्यांनीं तळास भोकें पाडलेलें मडकें खड्ड्याच्या तोंडाशीं बसवून त्यांत काथ्या भरावा, व तो चिकट झाला कीं बदलावा.

कुंडी दर आठवड्यास उपसावी. आमच्या घरीं शनिवार नेमला आहे. आठवडाच कां, असें मुलें विचारतात. उष्ण हवेंत डासाच्या अंड्यापासून उडता डास होण्यास सुमारें ८ ते १० दिवस लागतात, तेव्हां सातव्या दिवशीं कुंडी रिकामी केली तर अळीस पंख फुटत नाहींत. उपसलेला गाळ कोरड्या मातींत पुरावा. गटारांत टाकल्यास अळ्या तेथें जगतात. हिवतापाचे जंतु डासाच्या पोटांत रोनाल्ड रॉस यांनीं २० ऑगस्ट १८९७ रोजीं सिकंदराबादेस पाहिले. त्या काळीं आपला हा जिल्हाही त्याच हैदराबाद संस्थानांत होता. मात्र सांडपाण्यांत वाढतो तो मुख्यतः क्यूलेक्स जातीचा डास, व तो हत्तीरोग पसरवितो. हिवतापाच्या डासास स्वच्छ पाणी आवडतें, यासाठीं कुंडीबरोबर पाण्याचा रांजणही त्याच दिवशीं घासावा.

मोरी तुंबली कीं तेजाब ओतण्याची खोड पुष्कळांस असते. तेजाब व ब्लीचिंग पावडर एकत्र आल्यास क्लोरीन हा विषारी वायु सुटतो, आणि बंद न्हाणींत तो जिवावर बेतूं शकतो. कढत पाणी, टोंकाशीं वांकविलेली तार व काथ्याची कुंचली एवढ्यानें काम भागतें.

खड्ड्याचे वरचे दगड वर्षांतून एकदां, वैशाखांत, बाहेर काढून उन्हांत टाकावे. सुकलेली मळी खरवडली म्हणजे पापुद्र्यासारखी निघते. मृग लागण्यापूर्वीं दगड पुन्हां रचून घ्यावे. गेल्या वैशाखांत शेजारच्या आजीबाईंनींही आपल्या खड्ड्याचे दगड आमच्याच ओट्यावर वाळत घातले होते.