औट घटकेच्या राज्याचे गणित

एखादे मंत्रिमंडळ चार-आठ दिवसांत कोसळले, की मराठी वृत्तपत्रे त्याला ‘औट घटकेचे राज्य’ म्हणतात आणि वाचकही त्याचा ‘फार थोडा काळ टिकलेली सत्ता’ असा अर्थ बिनचूक लावतात. मात्र या वाक्प्रचारात एक नेमके माप दडलेले आहे, हे आता सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. औट म्हणजे साडेतीन आणि घटका म्हणजे चोवीस मिनिटे, म्हणजेच हे राज्य हिशेबाने बरोबर चौऱ्याऐंशी मिनिटांचे भरते.

यांपैकी घटका हा शब्द अजून पुष्कळ ओळखीचा आहे. एका अहोरात्राचे साठ भाग केले की प्रत्येक भाग एक घटका होतो आणि घटकेचे पुन्हा साठ भाग केले की चोवीस सेकंदांचे एक पळ होते. हा काळ मोजण्यासाठी घटिकापात्र वापरत. तळाला बारीक छिद्र असलेली तांब्याची हलकी वाटी पाण्याने भरलेल्या मोठ्या भांड्यात तरंगत सोडली, की छिद्रातून पाणी आत शिरून ती हळूहळू भरे आणि एक घटका पुरी होताच बुडे. ‘घटका भरली’ या शब्दप्रयोगामागे डोळ्यांसमोर भरत जाणारी ही वाटी आहे आणि मनगटावरच्या ‘घड्याळा’चे नावही याच घटिकेच्या कुळातले आहे.

औट या शब्दाची गोष्ट अधिक मोलाची आहे. संस्कृतातील ‘अर्धचतुर्थ’ या शब्दापासून प्राकृतात ‘अद्धुट्ठ’ झाले आणि त्यावरून मराठीत ‘औट’ आले. अर्धचतुर्थ म्हणजे ‘ज्यातला चौथा अर्धाच आहे असे’, अर्थात तीन पूर्ण आणि चौथ्याचा अर्धा. याच रीतीने ‘अर्धतृतीय’ म्हणजे ज्यातला तिसरा अर्धा आहे ते, आणि तेच झिजून ‘अडीच’ झाले. ‘दीड’ या शब्दाच्या मुळाशी असलेल्या ‘द्व्यर्ध’ शब्दातही दुसरा अर्धा असल्याचीच कल्पना आहे. दीड, अडीच आणि औट ही अशी एका घरातली तीन भावंडे होत. याउलट ‘साडे’ हा शब्द ‘सार्ध’, म्हणजे ‘अर्ध्यासह’, यावरून आला. त्याची रीत पूर्ण संख्या आधी धरून तीवर अर्धा चढवण्याची आहे. ‘सव्वा’ म्हणजे सपाद, पावासह, आणि ‘पाऊण’ म्हणजे पादोन, पावाने उणा. एवढ्याशा शब्दांत बेरजेची, वजाबाकीची आणि अर्धवट भरलेल्या पुढच्या संख्येची अशा तीन वेगवेगळ्या विचारपद्धती शेजारी शेजारी नांदतात, ही मराठीची खरोखर श्रीमंती आहे.

हे शब्द केवळ कोशाची भर नव्हते. पंतोजींच्या शाळेत आणि पुढेही कित्येक वर्षे मुले पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी असे अपूर्णांकांचे पाढे मुखोद्गत करत आणि तिन्हीसांजेला परवच्यात ते मोठ्याने म्हणत. त्यांतल्या उत्तरांना एक सुरेख लय आहे: दीड दिडके सव्वादोन होतात, अडीच अडीचके सव्वासहा आणि औट औटके सव्वाबारा, म्हणजे अर्ध्यावर संपणारी संख्या स्वतःनेच गुणली की उत्तर दर वेळी सव्वावर येऊन थांबते. साडेतीन शेर गूळ अडीच आणे शेराने घेतला तर पावणेनऊ आणे होतात, हे औटकी येणाऱ्या मुलाला कागदाशिवाय सांगता येई. रुपयाचे सोळा आणे असल्यामुळे हे जमे, कारण सोळाचे आठ, आठाचे चार, चाराचे दोन आणि दोनाचा एक असे सलग चार वेळा बरोबर अर्धे करता येते. १ एप्रिल १९५७ पासून भारतात रुपयाचे शंभर पैसे झाले आणि शंभराचा अष्टमांश साडेबारा येऊ लागला; त्यापाठोपाठ शेर जाऊन किलोग्रॅम आला आणि दशांश चिन्ह हिशेबात रुळले. व्यवहार सोपा झाला यात शंका नाही, पण त्या बदलात पाठांतराने तयार होणारी आकड्यांची एक जाण हरवली, आणि ती हानी लहान नाही.

औट मात्र पाढ्यांच्या आधीपासूनच मागे हटत होता. मोल्सवर्थ यांच्या १८५७ मधील मराठी–इंग्रजी कोशात त्याची नोंद आहे आणि संतवाङ्मयात मानवी देहाला ‘औट हात’ म्हटलेले आढळते, कारण कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचा एक हात धरला तर माणसाची उंची स्वतःच्या हाताने सुमारे साडेतीन हात भरते. तीच संख्या देवीच्या साडेतीन पीठांत, वर्षातल्या साडेतीन मुहूर्तांत आणि पेशवाईतल्या साडेतीन शहाण्यांत आहे. या शहाण्यांत सखारामबापू बोकील, देवाजीपंत चोरघडे आणि विठ्ठल सुंदर हे तीन पूर्ण आणि नाना फडणीस अर्धे मानले गेले. या सर्व ठिकाणी आज ‘साडेतीन’ रूढ आहे.

दीड आणि अडीच यांच्या वाट्याला मात्र असे विस्थापन आले नाही. बोलायला नुकतेच शिकलेले मूल ‘साडेएक वाजले’ किंवा ‘साडेदोन वाजले’ म्हणते आणि घरातले मोठे लगेच ‘दीड’, ‘अडीच’ अशी दुरुस्ती करतात. पण ते ‘साडेतीन’ म्हणाले, तर त्याला ‘औट’ म्हणायला कोणी सांगत नाही.