किरण बेताचे, चित्र नेमके

बऱ्हाणपूरच्या मराठी घरांची सोयरीक रावेर, यावल, भुसावळपर्यंत पसरलेली आहे आणि आजारपणही बहुतेक त्याच वाटांनी जाते. कुणी चिठ्ठी घेऊन जळगाव गाठते, कुणी इंदूर. गाठ कॅन्सरची निघाली तर मुंबईची गाडी धरावी लागते. चिठ्ठीवर ‘मॅमोग्राफी’ लिहिलेले असले की बायका दोन प्रश्न विचारतात: फार दुखते का, आणि त्या किरणांनीच कॅन्सर होणार नाही ना? दोन्ही प्रश्न रास्त आहेत, आणि त्यांची उत्तरे एकमेकांत गुंतलेली आहेत.

आधी दुसरा प्रश्न. मॅमोग्राफीत प्रत्येक स्तनाचे दोन, असे एकूण चार फोटो निघतात. त्यातून शरीराला मिळणारी मात्रा साधारण 0.4 मिलिसिव्हर्ट असते. माती, खडक, हवा, आकाश यांतून माणसाला वर्षभरात जगात सरासरी 2.4 मिलिसिव्हर्ट किरण मिळतातच. म्हणजे हा हिशेब सुमारे दोन महिन्यांच्या नैसर्गिक किरणांइतका होतो. पण तो शून्य नाही. स्तनातील ग्रंथी किरणांच्या बाबतीत नाजूक असतात, आणि वय जितके कमी तितका धोका जास्त. म्हणूनच तिशीतल्या बाईला गाठ लागली तर डॉक्टर बहुधा आधी सोनोग्राफी सांगतात.

मग मात्रा आणखी कमी का करत नाहीत? इथे खरी अडचण सुरू होते. छातीच्या साध्या एक्स-रेत हाड आणि फुप्फुस यांत इतका फरक असतो की चित्र आपोआप उठून दिसते. स्तनात तसे नाही. निरोगी ग्रंथी आणि कॅन्सरची गाठ, दोन्ही किरण जवळजवळ सारखेच अडवतात. हा बारीक फरक दिसावा म्हणून मॅमोग्राफीचे यंत्र 25 ते 32 किलोव्होल्टवर चालवतात, म्हणजे किरण मुद्दाम सौम्य ठेवतात. पण सौम्य किरण पलीकडे कमी पोहोचतात आणि शरीरातच जास्त मुरतात. फरक स्पष्ट करणारी गोष्टच मात्रा वाढवते. 1960च्या दशकात फ्रान्समध्ये मॉलिब्डेनम धातूची खास नळी आली तेव्हापासून अभियंते ही कोंडी सोडवत आले आहेत. जाड किंवा घट्ट स्तनासाठी आता ऱ्होडियमचे फिल्टर किंवा टंगस्टनची नळी वापरतात. त्यातून किरण थोडे तीव्र निघतात, आणि तेवढ्याने मात्रा उतरते.

दुसरी बाजू कणांची. सुरुवातीच्या कॅन्सरची खूण पुष्कळदा कॅल्शियमच्या कणांच्या झुपक्यात असते आणि एकेक कण मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शापासून अर्ध्या मिलिमीटरपर्यंतचा असतो. किरण कमी पडले की चित्रात रवाळपणा येतो. पॉवरलूमच्या बऱ्हाणपुरात हे सांगायला सोपे आहे: कापडाचे धागे विरळ असले तर त्यावरची बारीक बुट्टी उमटत नाही. हा रवाळपणा निम्मा करायचा तर मात्रा दुप्पट करून भागत नाही, चौपट करावी लागते. उलट मात्रा चौथ्या हिश्शावर आणली तर रवाळपणा दुप्पट होतो आणि कण त्यात हरवतो. असा फोटो माझ्या मते सर्वांत महागडा: बाईने किरण घेतले आणि हाती काही आले नाही.

आता दुखण्याचा प्रश्न. स्तन दोन पाट्यांमध्ये दाबतात तेव्हा त्रास होतो, काहींना बराच. पण मात्रा आणि चित्र यांच्या भांडणात दोघांनाही एकाच वेळी मदत करणारी जी थोडी साधने आहेत, त्यांत हा दाब मोठा. एवढे सौम्य किरण दर सेंटिमीटरला साधारण निम्मे होत जातात. त्यामुळे जाडी एक सेंटिमीटरने उतरली तर वरून सोडायचे किरणही जवळपास निम्म्यावर येतात. एकावर एक आलेल्या ग्रंथी पसरतात, इकडेतिकडे विखुरणारे किरण कमी होतात, आणि स्तन स्थिर राहिल्याने चित्र हलत नाही. हे कारण तंत्रज्ञ ताईंनी बाईला आधी शांतपणे सांगितले तर ती घाबरून अंग आखडत नाही. हे सांगायला दोन मिनिटे पुरतात, आणि ती काढलीच पाहिजेत.

किरणांविषयीची शंका अडाणीपणाची नाही, हेही सांगायला हवे. 1976 मध्ये अमेरिकेत वैद्यकीय संख्याशास्त्रज्ञ जॉन बेलर यांनी हाच प्रश्न जाहीरपणे मांडला: पन्नाशीच्या आतल्या बायकांना या तपासणीने फायद्यापेक्षा तोटा तर होत नाही ना? तेव्हाच्या मात्रा आजच्या कितीतरी पट होत्या. त्या वादानंतर मात्रेवर नजर कडक झाली. 1992च्या अमेरिकी कायद्याखाली प्रमाणित जाडीच्या स्तनासाठी एका फोटोला ग्रंथींची सरासरी मात्रा 3 मिलिग्रेच्या (मिलिग्रे हे ग्रंथींत मुरलेल्या किरणांचे माप, वरच्या मिलिसिव्हर्टहून वेगळे) वर जाऊ देत नाहीत. त्याच यंत्राला चित्राचीही परीक्षा द्यावी लागते. ॲक्रिलिकच्या ठोकळ्यात, ज्याला फँटम म्हणतात, 6 तंतू, 5 कणांचे झुपके आणि 5 गाठी बसवलेल्या असतात. किमान 4 तंतू, 3 झुपके आणि 3 गाठी दिसल्या तरच यंत्र पास. मात्रेला वरची मर्यादा आणि चित्राला खालची, दोन्ही एकदम. मला ही जोडी फार शहाणपणाची वाटते.

डिजिटल यंत्रांनी मात्रा उतरली. 2005च्या अमेरिका-कॅनडातल्या मोठ्या अभ्यासात एका फोटोची सरासरी मात्रा फिल्मला 2.37 आणि डिजिटलला 1.86 मिलिग्रे होती. पण एक धोका नवा आला. फिल्मवर किरण जास्त झाले की ती काळी पडायची, चूक लगेच कळायची. डिजिटल चित्र जादा किरणांत आणखीच सुबक दिसते, त्यामुळे कुणी तक्रार करत नाही आणि मात्रा हळूहळू चढत जाते. म्हणून नियमित मोजणी लागते. आपल्याकडे हे काम मुंबईतल्या अणुऊर्जा नियामक मंडळाच्या अखत्यारीत आहे: यंत्राला परवाना लागतो आणि गुणवत्तेची चाचणी ठरावीक काळाने करावी लागते. तुमच्या यंत्राची चाचणी झाली आहे का, हे केंद्रावर विचारायला कुणी लाजू नये.

आणि प्रत्येक बाईला यंत्राखाली आणणे हाच मार्ग नाही. टाटा मेमोरियलच्या डॉ. इंद्रनील मित्रा यांच्या चमूने 1998 पासून मुंबईत 35 ते 64 वयाच्या दीड लाखांहून अधिक बायकांवर अभ्यास केला. निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने स्तन तपासले. 2021 मध्ये निष्कर्ष आले: पन्नाशी आणि त्यापुढच्या बायकांत स्तनाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास 30 टक्क्यांनी घटले, पन्नाशीच्या आत मात्र तसा फरक दिसला नाही. या तपासणीत किरण शून्य. बऱ्हाणपूरसारख्या जिल्ह्यात सरकारी कार्यक्रमातली तिशीपुढची हाताने होणारी तपासणी नीट झाली, तर मॅमोग्राफी ज्यांना खरोखर लागते त्यांच्यापर्यंत पोहोचेल.

ज्यांना ती लागते त्यांनी काही गोष्टी जपाव्यात. त्या दिवशी काखेत किंवा छातीवर पावडर, डिओ लावू नये. त्यातले कण फोटोत कॅल्शियमसारखे दिसू शकतात आणि फोटो पुन्हा काढावा लागतो. पाळी संपल्यानंतरच्या आठवड्यात गेले तर दुखणे कमी. आणि जुन्या फिल्म, सीडी, रिपोर्ट जपून सोबत न्यावेत. भुसावळला काढलेला फोटो इंदूरच्या डॉक्टरला मिळाला नाही तर तो पुन्हा काढला जातो. मिळाला तर दोन वर्षांपूर्वीचा कण आजही तेवढाच आहे का, हे त्याला समोरासमोर ताडून पाहता येते.