दिव्यांग प्रौढांचे स्वावलंबन : निवारा, रोजगार आणि सोबत

दिव्यांगविषयक धोरणाची चर्चा प्रामुख्याने शिक्षण, आरक्षण व अनुदान यांभोवती फिरते. २०११ च्या जनगणनेनुसार देशात २.६८ कोटी दिव्यांग व्यक्ती होत्या. त्यांपैकी बौद्धिक अक्षमता किंवा स्वमग्नता असणाऱ्यांचे शालेय शिक्षण संपले, की बहुतेक कुटुंबांपुढे एकच प्रश्न उभा राहतो : ‘आमच्यानंतर काय?’ एकत्र कुटुंबपद्धतीत हा प्रश्न घरातच सुटत असे. बेंगळुरूसारख्या महानगरातील विभक्त कुटुंबात मात्र हा भार वृद्ध होत चाललेल्या आईवडिलांवर, विशेषतः आईवर पडतो. तिच्या या विनावेतन श्रमांची नोंद राष्ट्रीय उत्पन्नात होत नाही.

कायद्याची चौकट

भारताने ऑक्टोबर २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क कराराला अनुसमर्थन दिले. त्याचे कलम १९ स्वतंत्रपणे जगण्याचा व समाजात सामावले जाण्याचा हक्क मान्य करते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ५ मध्ये हाच हक्क असून, कोणालाही विशिष्ट निवासव्यवस्थेत राहण्याची सक्ती करता येत नाही. कलम १४ मधील ‘मर्यादित पालकत्वा’त पालक संबंधित व्यक्तीच्या इच्छेनुसार, तिच्यासह, विशिष्ट निर्णयापुरता व ठरावीक काळापुरता निर्णय घेतो. स्वावलंबन म्हणजे आधाराचा अभाव नव्हे. आपला आधार निवडण्याचे स्वातंत्र्य होय, असा या तरतुदींचा आशय आहे. राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ खालील ‘घरौंदा’ ही योजना प्रौढांच्या सामूहिक निवासासाठी, तर ‘निरामय’ ही एक लाख रुपयांपर्यंतच्या आरोग्यविम्यासाठी आखली गेली.

बेंगळुरूतील प्रयोग

बेंगळुरूमध्ये या आधाराची तीन रूपे दिसतात. पहिले सहजीवनाचे. १९६४ मध्ये फ्रान्समध्ये सुरू झालेल्या ‘लार्श’ चळवळीचे भारतातील पहिले केंद्र, ‘आशा निकेतन’, येथे १९७० मध्ये स्थापन झाले. बौद्धिक अक्षमता असलेले प्रौढ व त्यांचे सहायक तेथे एकाच घरात राहतात. दुसरे रूप कामाच्या जागेचे. २०१७ मध्ये हुबळीत सुरू झालेल्या ‘मिट्टी कॅफे’ची उपाहारगृहे दिव्यांग प्रौढ चालवतात. बेंगळुरूत तिचा विस्तार झाला आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आवारातही शाखा उघडली. तेथील कर्मचारी ग्राहकाशी रोज बोलतो. वेतनाबरोबरच ओळखीचे वर्तुळही वाढते. तिसरे रूप मनोसामाजिक अक्षमता असणाऱ्यांसाठीच्या ‘हाफवे होम’चे. रुग्णालय व घर यांमधील हा टप्पा रिचमंड फेलोशिपसारख्या संस्था चालवतात. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ च्या कलम १९ ने अशा व्यवस्था उभारण्याची जबाबदारी शासनावर टाकली आहे. महाराष्ट्रात मुळशी तालुक्यातील कोळवण येथील ‘साधना व्हिलेज’ने ग्रामीण परिसरात सहनिवासाचा मार्ग स्वीकारला आहे.

खर्च कोणी उचलायचा?

सामूहिक निवासात घरभाडे, स्वयंपाकी व काळजीवाहक यांचा खर्च विभागला जातो आणि कुटुंबावरील जोखीमही वाटली जाते. तरीही शुल्क परवडणाऱ्या कुटुंबालाच जागा मिळाली, तर हक्काचे रूपांतर क्रयशक्तीत होते. बाजारपेठ हे अंतर भरून काढणार नाही. त्यासाठी सार्वजनिक खर्च अपरिहार्य आहे. शिवाय केवळ इमारतीला अनुदान दिल्याने सोबत मिळत नाही. प्रशिक्षित सहायकांना पुरेसे वेतन, वस्तीतील ग्रंथालये, मैदाने व मंडळे यांत प्रवेश, सुलभ बससेवा आणि निवासगृहांची नियमित तपासणी यांचाही विचार व्हायला हवा. बंद दारांआडची संस्था कितीही सुसज्ज असली, तरी ती समाजजीवनाला पर्याय ठरत नाही.

म्हणूनच अशा योजनांचे मूल्यमापन केवळ खाटांच्या संख्येवर करणे अपुरे ठरेल. लाभार्थीला आपले घर, काम व मित्र निवडता आले का, हाच धोरणाच्या यशाचा खरा निकष मानला पाहिजे.