मोलकरणीतले मोल

पुण्याहून निघालेली लोकल देहूरोड सोडते, बेगडेवाडी मागे टाकते आणि घोरावाडीच्या फलाटावर क्षणभर टेकते. सकाळच्या गाडीतून उतरणाऱ्यांत बायका पुष्कळ. हातात कापडी पिशवी, पायात रबरी चप्पल, चाल झपाझप. तळेगावच्या बाजूला गेल्या काही वर्षांत ज्या सोसायट्या उभ्या राहिल्या, त्यांतल्या ओट्यांकडे आणि मोऱ्यांकडे ही पावले वळतात. अशाच एका सोसायटीत मी निवृत्तीनंतर राहतो आहे.

आयुष्य बँकेत गेले. पैसे देताना-घेताना माणसाचा चेहरा कसा बदलतो, हे पाहण्याची सवय तिथेच लागली. तुम्हाला वाटेल, सर्वांत अवघडलेला चेहरा कर्जदाराचा असेल. तसे नाही. तो असतो भांडी घासणाऱ्या बाईंच्या हातावर महिन्याचे पैसे ठेवणाऱ्या सुशिक्षित गृहस्थाचा. नोटांची घडी पुढे करताना त्याची नजर दुसरीकडे असते. ‘मोजून घ्या हं’ असे तो म्हणतो खरा, पण त्या मोजू लागल्या की आत निघून जातो.

नळ दुरुस्त करणाऱ्याला पैसे देताना असे होत नाही. तिथे घासाघीस होते, वाद होतो, पण मन ओशाळत नाही. मग इथेच का? कारण उघड आहे. केर, खरकटे, संडास ही कामे कोणी करायची, हे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या जन्माने ठरत आले. परदेशात हाच संकोच कातडीच्या रंगामुळे येतो. आपल्याकडे रंग दिसत नाही, म्हणून आडनाव विचारावे लागते. पोळ्या लाटायला कोणी आली तर पहिला प्रश्न आडनावाचा असतो. संडास धुणारीला तो कोणी विचारत नाही, कारण उत्तर आधीच गृहीत धरलेले असते.

ही जुनी गोष्ट झाली, असे म्हणणाऱ्यांना 2017 सालचा सप्टेंबर आठवत असेल. स्वयंपाकाला ठेवलेल्या बाईंनी आपली जात लपवली आणि सोवळे मोडले, अशी तक्रार पुण्यातल्या एका उच्चशिक्षित महिलेने पोलिसांत दिली होती. गदारोळ झाला, निदर्शने झाली, तक्रार मागे घेतली गेली. त्या दिवसांत ज्यांनी नापसंती व्यक्त केली त्यांत मीही होतो आणि माझे शेजारीही होते. त्यांतल्या किती घरांत कामाच्या बाईंचा कप वेगळा होता, हे मात्र कोणी कोणाला विचारले नाही.

मन ओशाळले की त्यावर आपण उपाय शोधतो. त्यांना ‘मावशी’ म्हणतो. जुनी साडी देतो, उरलेली भाजी बांधून देतो, दिवाळीला फराळाचा डबा देतो. यात वाईट काही नाही. पण सख्ख्या मावशीला आपण फरशीवर बसवून चहा देत नाही आणि तिचे चार खाडे पगारातून कापतही नाही. नाते जोडायचे आणि व्यवहार मात्र नाते नसल्यासारखा करायचा, अशी ही सोयीची रीत आहे.

ही रीत नवी नाही. गावगाड्यात महारांना कामाचा मोबदला पगार म्हणून मिळत नसे. थोडी वतनी जमीन, खळ्यावरचे बलुते आणि दारोदार मागून आणलेली भाकर. काम हक्काने सांगितले जाई, मोबदला मात्र उपकार म्हणून दिला जाई. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नेमके हेच ओळखले. 1928 साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात त्यांनी वतन कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक मांडले. बलुत्याच्या जागी रोख मोबदला यावा, तोही गावकऱ्यांच्या मर्जीवर न राहता सरकारमार्फत मिळावा, हा त्यातला एक मुख्य मुद्दा होता. विधेयक तेव्हा मंजूर झाले नाही. कनिष्ठ गावकामगारांची वतने नष्ट करणारा कायदा व्हायला 1958 साल उजाडले.

याच सुमारास दुसऱ्या एका माणसाने दुसरी वाट धरली होती. कोकणातले अप्पासाहेब पटवर्धन रत्नागिरीच्या तुरुंगात असताना भंगीकाम आपल्याला करू द्यावे, असा आग्रह धरून बसले. 1932 साली त्यासाठी त्यांनी अन्नत्याग केला आणि येरवड्यात असलेल्या गांधीजींनीही त्यांना उपोषणाने साथ दिली. पुढे कणकवलीजवळच्या गोपुरीत त्यांनी मैला हाताळावा लागू नये, असे संडास लोकांपुढे ठेवले. अपराधाची टोचणी एवढ्या प्रामाणिकपणे भोगणारी माणसे विरळा. पण आपण झाडू हातात घेतल्याने झाडणाऱ्याचा पगार वाढत नाही. आणि उद्या सगळ्यांनी ‘आपले काम आपण करू’ म्हणून बायांना घरी बसवले, तर आपली मने शुद्ध होतील आणि त्यांच्या चुली विझतील.

बँकेतला एक अनुभव इथे सांगतो. आमच्या शाखेत अर्धवेळ सफाई कामगार असे. त्याच्या कामाच्या तासांप्रमाणे पगार एक-तृतीयांश, अर्धा किंवा पाऊण श्रेणीचा. कर्मचारी संघटना आणि बँका यांच्यातल्या करारात हे सगळे लिहिलेले होते. वार्षिक वाढ, रजा, प्रॉव्हिडंट फंड ठरलेले. त्याला पगार देताना मॅनेजर ओशाळल्याचे मी कधी पाहिले नाही. त्यालाही कोणापुढे वाकावे लागले नाही. जात तिथेही होतीच. त्या जागेवर येणारे उमेदवार कुठून येत, हे सर्वांना ठाऊक होते. कराराने जात गेली नाही. पण करारामुळे त्याच्या मुलांच्या फीची सोय साहेबांच्या चांगल्या मनावर अवलंबून राहिली नाही. आता बँकांनीही हे काम बऱ्याच ठिकाणी कंत्राटदारांकडे सोपवले आहे, ही वेगळी खंत.

गेल्या दिवाळीत आमच्याकडे काम करणाऱ्या बाईंना माझ्या पत्नीने विचारले, ‘यंदा साडी कुठल्या रंगाची आणू?’ त्या म्हणाल्या, ‘काकू, साड्या पाच घरांतून पाच येतात. तुमचा पगार पाच तारखेला मिळतो तसा बाकीच्या घरांनाही सांगा ना. सहा तारखेला बचत गटाचा हप्ता असतो. एक बाई बारा तारखेला देतात, मग मला दंड बसतो.’ इतके नेमके मागणे मी कर्जाच्या अर्जातही क्वचित वाचले होते.

मी सोसायटीच्या बैठकीत विषय काढला. पगाराची तारीख, आठवड्याला एक सुटी, वर्षाला ठरलेली वाढ. एक गृहस्थ म्हणाले, ‘साहेब, रेट बिघडवू नका.’ दुसरे म्हणाले, ‘आम्ही तर त्यांना घरच्यासारखेच वागवतो.’ ठराव झाला नाही. सात घरांनी तारीख पाळायचे कबूल केले.

यात नवे काही मागितले आहे, असेही नाही. पुण्यातल्या मोलकरणींनी 1980 सालीच संप करून पगारी सुटी मागितली होती. राज्यात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा 2008 साली आला. कचरा वेचणाऱ्या बायका 1993 साली पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीत एकत्र आल्या, आणि त्यातून पुढे उभ्या राहिलेल्या ‘स्वच्छ’ संस्थेच्या सभासद आज दारोदार कचऱ्याची ठरलेली फी घेतात. दारात ‘फी’ म्हणून हात पुढे होतो, तेव्हा देणाऱ्याला उपकाराचे समाधान मिळत नाही. काही घरांना हेच खुपते.

‘मोलकरीण’ हा शब्द हल्ली आपल्याला कमीपणाचा वाटतो, म्हणून ‘ताई’, ‘मावशी’ म्हणतो. म्हणावे. पण त्या जुन्या शब्दात निदान मोल होते. देताना मन थोडे ओशाळले तर ओशाळू द्यावे, ते साडीने झाकू नये. नजर वर ठेवून, पूर्ण पैसे, पाच तारखेला द्यावेत, आणि बाई मोजून होईपर्यंत तिथेच थांबावे.